सुपरहिरोपटांतील ख्रिस्ती आशय : एक आढावा

सुपरहिरो चित्रपटांत ख्रिस्ती आशय तीन पातळ्यांवर आढळतो. पहिली पातळी उघड आहे. पात्र स्वतःच श्रद्धावान ख्रिस्ती असते, चर्चमध्ये जाते, प्रार्थना करते, धर्मगुरूंसमोर पापांची कबुली देते. दुसरी पातळी दृश्यांची आहे. दोन्ही हात पसरून क्रूसाच्या आकारात तरंगणारा नायक, वरून अलगद उतरवला जाणारा मृतदेह, रंगीत काचेच्या खिडकीतला येशू, ही त्याची ठळक उदाहरणे. तिसरी पातळी कथेच्या सांगाड्याची. वरून आलेला पुत्र, सामान्यांत लपून काढलेली वर्षे, मोह, लोकांनी केलेला अव्हेर, इतरांसाठी पत्करलेले मरण आणि पुन्हा उठणे, असा तो सांगाडा असतो. या तीन पातळ्यांची गल्लत झाली की चर्चा भरकटते. पहिल्या पातळीवरचा पुरावा पडद्यावरच असतो, दुसऱ्या पातळीवर दिग्दर्शकाचा हेतू तपासावा लागतो, आणि तिसऱ्या पातळीवर बरेच काही पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून राहते.

चित्रपट आणि धर्म यांच्या अभ्यासात येशूचे चरित्र सांगणारे चित्रपट आणि दुसऱ्याच कुणाच्या कथेतून येशूची आठवण करून देणारे चित्रपट असा भेद केला जातो. येशूसंघीय अभ्यासक लॉइड बॉ यांनी १९९७ च्या आपल्या ग्रंथात हा भेद सविस्तर मांडला. सुपरहिरोपट दुसऱ्या गटात मोडतात. त्यांचा नायक येशू नसतो, पण त्याच्या जीवनातील काही घटना आणि काही मुद्रा शुभवर्तमानाकडे बोट दाखवतात. हे बोट खरोखर कुठवर पोहोचते, हा या विषयातील मुख्य प्रश्न आहे.

मुळे ज्यू परंपरेत

या प्रश्नाचा इतिहास ख्रिस्ती घरांत सुरू होत नाही. सुपरमॅन पहिल्यांदा अवतरला तो 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या जून १९३८ च्या पहिल्या अंकात. त्याचे निर्माते जेरी सीगल आणि जो शुस्टर हे क्लीव्हलँडमध्ये वाढलेले, स्थलांतरित ज्यू कुटुंबांतील तरुण होते. १९४१ मध्ये कॅप्टन अमेरिकेला जन्म देणारे जो सायमन आणि जॅक कर्बी, आणि १९६० च्या दशकात कर्बींसोबत मार्व्हलचे विश्व उभे करणारे स्टॅन ली हेही ज्यूच. विनाशाच्या तोंडावर आईबापांनी छोट्या यानात घालून पाठवलेले आणि परक्यांच्या घरी वाढलेले बाळ पाहिले की प्रथम आठवतो तो नाईल नदीतल्या पेटाऱ्यात ठेवलेला मोशे. परक्या देशात आपली खरी ओळख लपवून, सौम्य आणि बावळट दिसणाऱ्या क्लार्क केंटच्या रूपात जगणे, हा अनुभवही स्थलांतरितांच्या मुलांच्या ओळखीचा होता.

ख्रिस्ती अर्थ हा त्यावर नंतर चढलेला थर आहे. मात्र तो अगदी उपरा नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातच येशूचे बालपण मोशेच्या कथेवर बेतलेले दिसते. राजाच्या हुकुमाने होणारी बालहत्या, त्यातून वाचलेले मूल, मिसर देश, या साऱ्या खुणा तिथे आहेत. म्हणून मोशेसारख्या नायकाला ख्रिस्तासारखा नायक करणे पटकथाकारांना सोपे गेले. पण सुपरमॅनला सरसकट ख्रिस्ती ठरवताना त्याला घडवणाऱ्या समाजाचा इतिहास पुसला जातो. युरोपातील ज्यूंवर संकट घोंघावत असताना हा नायक जन्मला, ही बाब कोणत्याही वाचनात निसटू नये.

सुपरमॅन : एका साम्याची वाटचाल

पडद्यावर हे साम्य पक्के केले ते रिचर्ड डॉनर यांच्या १९७८ च्या 'सुपरमॅन'ने. मार्लन ब्रँडो यांनी साकारलेला जॉर-एल तेजाळ पांढऱ्या वस्त्रांत वावरतो आणि आपला एकुलता मुलगा मानवजातीकडे पाठवतो. बाळाचे यान ताऱ्यासारखे दिसते आणि कॅन्ससमध्ये केंट या निपुत्रिक जोडप्यासमोर येऊन पडते. अठराव्या वर्षी घराबाहेर पडलेला क्लार्क उत्तरेच्या बर्फात बारा वर्षे पित्याच्या वाणीकडून शिकतो आणि तिशीत लोकांसमोर येतो. लूकच्या शुभवर्तमानानुसार येशूने आपले कार्य सुरू केले तेव्हा तोही सुमारे तीस वर्षांचा होता. पटकथेवर काम करणारे टॉम मॅन्किविझ यांनी हे साम्य जाणूनबुजून ठेवल्याचे पुढे सांगितले. त्यामुळे या चित्रपटाबाबत हेतूचा वाद उरत नाही.

ब्रायन सिंगर यांच्या 'सुपरमॅन रिटर्न्स'मध्ये (२००६) येशूच्या दुःखसहनाच्या कथेचा क्रमच उचललेला दिसतो. जगाला सुपरमॅनची गरज नाही, असा लेख लिहून लोइस लेनने पुलित्झर मिळवलेले असते. लोक मात्र अजूनही तारणाऱ्याची हाक देत आहेत आणि ती आपल्याला ऐकू येते, असे तो तिला सांगतो. पुढे लेक्स लूथरची माणसे त्याला बेदम मारतात आणि लूथर क्रिप्टोनाइटचा अणकुचीदार तुकडा त्याच्या कुशीत खुपसतो. तशाही अवस्थेत तो क्रिप्टोनाइटने भरलेला अख्खा भूभाग अंतराळात उचलून नेतो आणि हात पसरलेल्या अवस्थेत पृथ्वीवर कोसळतो. रुग्णालयात त्याची खोली पाहायला आलेल्या परिचारिकेला बिछाना रिकामा दिसतो. हे दृश्य रिकाम्या कबरीची आठवण करून देते.

झॅक स्नायडर यांनी हीच खूण आणखी ठळक केली. 'मॅन ऑफ स्टील'मधला (२०१३) क्लार्क ३३ वर्षांचा आहे. परंपरेने येशूच्या क्रूसमरणाचे वय हेच मानले जाते. स्वतःला शत्रूच्या हवाली करावे की नाही, हे ठरवण्यासाठी तो गावातल्या चर्चमध्ये जातो. धर्मगुरूंशी बोलताना त्याच्या पाठीमागे रंगीत काचेची खिडकी दिसते आणि तिच्यावर गेथशेमाने बागेत प्रार्थना करणारा येशू आहे. पुढच्या 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन'मध्ये (२०१६) लूथर ईश्वर सर्वशक्तिमान असेल तर सर्वस्वी चांगला कसा, हा जुना तात्त्विक प्रश्न विचारतो. शेवटी भाल्याने राक्षसाला मारताना सुपरमॅन स्वतः मरतो. त्याचा देह खाली उतरवतानाची रचना क्रूसावरून उतरवलेल्या येशूच्या चित्रांवर बेतलेली आहे आणि मागच्या पडझडीत क्रूसाचे आकार दिसतात. हा चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला तो दिवस होता २५ मार्च २०१६, म्हणजे त्या वर्षीचा गुड फ्रायडे.

जेम्स गन यांच्या २०२५ च्या 'सुपरमॅन'ने ही परंपरा मोडली. तिथे स्वर्गीय पित्याच्या संदेशाचा हरवलेला भाग उलगडतो, तेव्हा पुत्राला सेवेसाठी नव्हे तर मानवांवर राज्य करण्यासाठी पाठवले होते, असे कळते. नायकाचा चांगुलपणा वरून आलेला नाही. तो कॅन्ससच्या शेतकरी आईबापांच्या घरात घडला आहे. जवळपास अर्धे शतक चाललेल्या साम्याला दिलेले हे उघड उत्तर आहे.

तारण कसे होते?

साम्यांच्या यादीपलीकडे जायचे, तर नायक लोकांना नेमके कशाने वाचवतो, हे विचारावे लागते. ख्रिस्ती धर्मविचारात येशूच्या मरणाने माणसाचे तारण कसे झाले, याची तीन मोठी स्पष्टीकरणे दिली जातात. सुपरहिरोपटांचे वर्गीकरण त्यांच्या आधारे नेमके करता येते.

पहिले स्पष्टीकरण विजयाचे. ख्रिस्ताने मृत्यू आणि सैतान यांच्या सत्तेचा पराभव केला, ही आद्य चर्चची धारणा स्वीडिश धर्मपंडित गुस्ताफ ऑलेन यांनी विसाव्या शतकात पुन्हा पुढे आणली. बहुतेक सुपरहिरोपट याच साच्यात बसतात. फरक एवढाच, की मूळ धारणेत विजय मरणातून मिळतो, आणि चित्रपट बहुधा विजय ठेवून मरण गाळतात. 'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम'ने (२०१९) दोन्ही राखले. या मालिकेतील पहिल्या चित्रपटात स्वतःच्या शस्त्रांच्या धंद्याचा आणि बुद्धीचा गर्व वाहणारा टोनी स्टार्क अखेर सहा अद्भुत रत्नांची शक्ती स्वतःच्या देहावर घेतो. त्या क्षणी शत्रू थॅनोसचे सैन्य धूळ होते आणि टोनीही मरतो. याच चित्रपटात आत्म्याचे रत्न मिळवण्यासाठी एकाला मरावे लागणार असते, तेव्हा नताशा आणि क्लिंट हे दोन साथीदार आपणच मरावे म्हणून एकमेकांशी झुंजतात. आधीच्या चित्रपटात थॅनोसने त्याच कड्यावरून मुलगी गमोरा हिला ढकलून दिले होते. स्वतःचा बळी देणारा आणि दुसऱ्याचा बळी घेणारा, असे खरा आणि खोटा तारणारा यांतले अंतर या दोन प्रसंगांत समोरासमोर येते.

दुसरे स्पष्टीकरण बदलीचे. अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीच्या अ‍ॅन्सेल्म यांनी पापाची भरपाई हा विचार मांडला. पुढे धर्मसुधारकांनी ख्रिस्ताने माणसांची शिक्षा स्वतःवर घेतली, असे त्याचे रूप केले. ख्रिस्तोफर नोलन यांचा 'द डार्क नाइट' (२००८) या साच्यातला सर्वांत प्रसिद्ध चित्रपट. वकील हार्वी डेंटने केलेल्या हत्यांचा दोष बॅटमॅन स्वतःवर घेतो आणि ज्या शहराला त्याने वाचवले, त्याच शहराचे पोलीस त्याच्या मागे लागतात. इथे साम्य जितके मोठे, तितकाच फरकही मोठा आहे. बॅटमॅनचे बलिदान एका असत्यावर उभे आहे; डेंट निष्कलंक होता, असे लोकांना वाटत राहावे म्हणून ते केले जाते. शुभवर्तमानात मात्र क्रूस माणसाचे पाप उघडे पाडतो. 'द डार्क नाइट राइझेस'मध्ये (२०१२) खलनायक बेन हे असत्य उघड करणारे पत्र तुरुंगासमोर जाहीरपणे वाचून दाखवतो आणि त्यावर उभारलेली शांतता कोसळते. नोलन यांनी आपल्याच नायकाच्या बलिदानाची मर्यादा अशी दाखवून दिली.

तिसरे स्पष्टीकरण प्रेमाच्या प्रभावाचे. येशूचे आत्मार्पण पाहून माणसाचे मन पालटते, ही भूमिका बाराव्या शतकातील पीटर अबेलार यांच्या नावाशी जोडली जाते. सॅम रॅमी यांच्या 'स्पायडर-मॅन २'मधला (२००४) आगगाडीचा प्रसंग तिचे सर्वांत सुंदर उदाहरण आहे. ब्रेक निकामी झालेली गाडी थांबवण्यासाठी पीटर पार्कर तिच्या तोंडाशी उभा राहतो, दोन्ही हातांतून दोन्ही बाजूंच्या इमारतींवर जाळी फेकतो आणि पसरलेल्या हातांनी तो ताण अंगावर घेतो. गाडी थांबते आणि तो शुद्ध हरपून पुढे कलंडतो. आतले प्रवासी त्याला धरतात, डोक्यांवरून हातोहात आत नेतात आणि खाली निजवतात. मुखवटा निघालेला असतो. हा तर कोवळा पोरगा आहे, हे त्यांच्या ध्यानात येते. दोन मुलगे मुखवटा परत देतात आणि कुणाला सांगणार नाही, असे वचन देतात. शत्रू दारात येतो तेव्हा हेच साधे लोक एकेक करून मधे उभे राहतात. त्यांना लगेच बाजूला फेकले जाते, पण त्यांच्यात बदल झालेला असतो. इथे क्रूसाची मुद्रा केवळ शोभेसाठी नाही. प्रसंगाचा अर्थच तिच्यातून उमलतो.

पाप, मोह आणि पश्चात्ताप

बलिदानाखेरीज इतर ख्रिस्ती विषयही या चित्रपटांत येतात. मोहाचे उदाहरण २००२ च्या 'स्पायडर-मॅन'मध्ये मिळते. ग्रीन गॉब्लिन नायकाला उंच गच्चीवर नेतो आणि भागीदारीची लालूच दाखवतो. उंच जागी नेऊन सत्ता देऊ करणाऱ्या सैतानाची कथा त्यामागे स्पष्ट दिसते. त्याच चित्रपटात मे काकू प्रभूची प्रार्थना म्हणत असताना गॉब्लिन घरात घुसतो.

नम्रतेचा विषय 'थॉर'मध्ये (२०११) आहे. गर्विष्ठ राजपुत्र पित्याच्या हुकुमाने शक्ती गमावून मर्त्य होतो, गावकऱ्यांना वाचवण्यासाठी निःशस्त्र मरणाला सामोरा जातो आणि मगच त्याचा हातोडा त्याच्याकडे परततो. पात्रे नॉर्स पुराणांतली असली तरी हा चढउतार फिलिप्पैकरांस पत्रातील ख्रिस्ताच्या रिक्त होण्याच्या विचाराजवळ जातो. एक भेद मात्र आहे. ख्रिस्त स्वेच्छेने खाली येतो. थॉरला खाली टाकले जाते.

पाप आणि पश्चात्ताप यांचा सर्वांत गंभीर विचार कॅथलिक पात्रांच्या वाट्याला आला आहे. 'एक्स-मेन २'मधला (२००३) नाइटक्रॉलर निळ्या कातडीचा, शेपटीचा, सैतानासारखा दिसणारा तरुण आहे. प्रत्येक पापासाठी त्याने स्वतःच्या अंगावर एक चिन्ह कोरून घेतले आहे आणि संकटात तो प्रार्थना म्हणतो. गिलेर्मो देल तोरो यांच्या 'हेलबॉय'चा (२००४) नायक नरकातूनच आलेला आहे, पण त्याला एका कॅथलिक प्राध्यापकाने वाढवले आहे. जगाचा अंत घडवण्याच्या क्षणी त्या पित्याची जपमाळ त्याच्याकडे फेकली जाते, तिच्या क्रूसाचा ठसा तळहातावर भाजून उमटतो आणि तो स्वतःची शिंगे मोडून टाकतो. जन्म माणसाचे भवितव्य ठरवत नाही, निवड ठरवते, हा कृपेचा आणि स्वातंत्र्याचा विचार इतक्या थेटपणे क्वचितच मांडला गेला आहे. २०१५ ते २०१८ दरम्यान नेटफ्लिक्सवर आलेली 'डेअरडेव्हिल' ही मालिका तर पहिल्याच भागात नायकाला धर्मगुरूंसमोर कबुली देताना दाखवते. हिंसा करणाऱ्या श्रद्धावान माणसाचा अपराधभाव तिने तीन पर्व सलग तपासला.

'लोगन'मध्ये (२०१७) खूण अगदी छोटी आहे. मुलांना वाचवताना मेलेल्या लोगनच्या थडग्यावर काठ्यांचा क्रूस रोवलेला असतो. त्या मुलांपैकी लॉरा तो तिरपा करून त्याचा 'एक्स' करते. थडग्यावरची खूण आता लोगनच्या स्वतःच्या आयुष्याची आहे, असे सुचवणारी ही कृती ख्रिस्ती चिन्ह स्वीकारते आणि बदलतेही.

शोध घेणारे

या खुणा शोधणाऱ्यांचे तीन वर्ग आहेत. पहिला वर्ग प्रवचनकारांचा. तरुणांना ओळखीच्या कथेतून श्रद्धेकडे आणावे, हा त्यांचा हेतू. दुसरा वर्ग स्टुडिओंचा. 'मॅन ऑफ स्टील'च्या वेळी वॉर्नर ब्रदर्सने धर्मोपदेशकांसाठी खास खेळ ठेवले आणि येशूला मूळ सुपरहिरो म्हणणारी प्रवचनाची टिपणे उपलब्ध करून दिली. श्रद्धावान प्रेक्षक ही बाजारपेठ झाली की पडद्यावरची खूण श्रद्धेतून आली की विक्रीसाठी, हे वेगळे करणे अवघड होते.

तिसरा वर्ग अभ्यासकांचा. अँटन कार्ल कोझलोव्हिक यांनी २००४ मध्ये पडद्यावरच्या ख्रिस्तसदृश पात्राची २५ लक्षणे सांगितली. त्यांत स्वेच्छेने केलेले बलिदान, मरण व पुनरुत्थान अशी भक्कम लक्षणे आहेत, तशीच निळे डोळे आणि नावाची आद्याक्षरेही आहेत. अशी सैल कसोटी लावली तर जवळजवळ कोणताही नायक ख्रिस्त ठरतो. ख्रिस्तोफर डीसी यांनी २००६ मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला. साम्य सापडले की काम संपले, अशी समजूत झाल्याने चित्रपटही नीट पाहिला जात नाही आणि ख्रिस्तही नीट समजत नाही, असा त्यांच्या टीकेचा रोख होता.

मूळ आक्षेप : मूठ आणि क्रूस

याहून खोल आक्षेप धर्मविचारातून आला आहे. बायबलचे अभ्यासक वॉल्टर विंक यांनी हिंसेने तारण होते, या समजुतीला एक मिथक म्हटले आणि तिचे मूळ बॅबिलोनच्या सृष्टिकथेत दाखवले. तिथे मार्दुक हा देव तियामत या देवीला ठार करतो आणि तिच्या देहापासून जग घडवतो. विंक यांच्या मते आधुनिक करमणुकीतला नायक येशूचा नव्हे, मार्दुकाचा वारस आहे. 'मॅन ऑफ स्टील'ची अखेर त्यांच्या बाजूने साक्ष देते. गेथशेमानेच्या खिडकीखाली बसलेला नायक शेवटी शत्रू झॉडची मान मोडतो, आणि तोवर शहराचा मोठा भाग जमीनदोस्त झालेला असतो. गेथशेमाने बागेत येशूने शिष्याला तलवार म्यानात घालायला सांगितले होते.

रॉबर्ट ज्युएट आणि जॉन शेल्टन लॉरेन्स यांनी १९७७ आणि २००२ च्या ग्रंथांत राजकीय बाजू उघड केली. निष्पाप वस्तीवर संकट येते, कायदा आणि संस्था दुबळ्या ठरतात, बाहेरचा निःस्वार्थ नायक बळाने संकट निवारतो आणि निघून जातो. बायबलमधील तारणकथेचे हे धर्मनिरपेक्ष रूप नागरिकांना केवळ वाट पाहायला शिकवते आणि लोकशाहीला पोखरते, असा त्यांचा निष्कर्ष. शिवाय इथे संकट नेहमी बाहेरून येते. ख्रिस्ती विचारात पाप वाचवल्या जाणाऱ्या माणसाच्या आतही असते.

भारतीय नजरेतून

भारतीय प्रेक्षकाला आणखी एक गोष्ट दिसते. रात्रीच्या अंधारात आईबापांपासून दूर नेलेले बाळ, गावाकडच्या पालक मातापित्यांनी केलेला सांभाळ, अचाट बाळलीला आणि मोठेपणी जुलमी सत्तेचा वध, हा क्रम कृष्णकथेचा आहे. दुष्टांचे निर्दालन करणारा अवतार बलवान सुपरहिरोला क्रूसावरच्या येशूपेक्षा जवळचा वाटू शकतो. केवळ साम्यावर दावा करण्यातला धोका इथे उघड होतो. तेच साम्य मोशे, कृष्ण आणि ख्रिस्त या तिघांनाही लागू पडते.

गोव्यात १६१६ मध्ये छापलेले फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' या बाबतीत तुलनेला उपयोगी आहे. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या मराठी ग्रंथाने घाट पुराणाचा घेतला आणि आशय शुभवर्तमानाचा ठेवला. सुपरहिरोपट बहुधा याच्या उलट वागतात. ते घाट शुभवर्तमानाचा घेतात आणि आत वेगळाच आशय भरतात. २४ डिसेंबर २०२१ रोजी आलेला बेसिल जोसेफ यांचा मल्याळम 'मिन्नल मुरली' तिसरी वाट दाखवतो. केरळातल्या एका काल्पनिक गावातला त्याचा नायक जेसन हा ख्रिस्ती शिंपी आहे. चर्च, घर आणि शेजार इथे रोजच्या जगण्याचा भाग म्हणून येतात, नायकावर ख्रिस्ताची प्रतिमा लादली जात नाही.

निकष आणि निर्णय

या सगळ्यातून वाचनाचे चार निकष निघतात. खूण कथेतील कृतीशी जोडलेली आहे की केवळ दिखाऊ आहे? नायक शक्ती वापरून वाचवतो की शक्ती बाजूला ठेवून? दुष्टपणा फक्त शत्रूत आहे की नायकात आणि लोकांतही? वाचवले गेलेले लोक बदलतात की टाळ्या वाजवून घरी जातात?

हे निकष लावले तर क्रमवारी उलटते. हात पसरलेल्या मुद्रांनी भरलेले 'मॅन ऑफ स्टील' आणि 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन' मागे पडतात. 'स्पायडर-मॅन २'मधली आगगाडी, 'हेलबॉय'चा भाजलेला तळहात आणि नताशाचे मरण पुढे येतात. सुपरहिरोपटांत ख्रिस्ती आशय निश्चितच आहे, पण तो मुद्रांच्या संख्येवर ठरत नाही. समर्थ माणूस दुसऱ्यासाठी आपले सामर्थ्य सोडून देतो तिथे तो आढळतो, आणि अभ्यासकांनी, शिक्षकांनी व प्रवचनकारांनी तो तिथेच शोधावा.